तीन कानांची म्हैस

भावजी, म्हशीचा तिसरा कान कुणाचा, ते मला सापडलं.

तुम्ही दिलेला तो रुपया इतकी वर्षं माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. परवा सकाळी तो मी उन्हात, खिडकीपाशी नेला, वर भिंग धरलं आणि पहिल्यांदा नीट पाहिला. म्हैस समोर बघते आहे, आंबोण अजून का आलं नाही असं विचारल्यासारखी. दोन शिंगं, दोन कान, आणि उजव्या शिंगाच्या मुळाशी, भर कपाळावर, आणखी एक कान. म्हशीचा नव्हे, माणसाचा. आजवर मी त्याला चांदीवरचा ओरखडा समजत होते. नाणं थोडं तिरपं केलं तेव्हा कानाखाली दाढीची कड दिसली, आणि तिच्याखाली गळ्याची अर्धवट रेघ. एडवर्ड बादशहा, ज्याला आपल्याकडचे म्हातारे टकल्या राजा म्हणायचे. त्याचं सगळं तोंड म्हशीखाली गेलंय आणि कान तेवढा वर राहिलाय, भिंतीआडून ऐकत असल्यासारखा.

हे तुम्हाला सांगायचं म्हणून मी चपला घातल्या, कुलूप हातात घेतलं, आणि मग आठवलं. तरी निघालेच. धारवाडहून चिगरी बस धरली आणि नवनगरला उतरले. निदान अक्काला सांगता आलं असतं.

पण त्याआधीचंही सांगायला हवं. त्यातलं पुष्कळसं तुम्ही गेल्यावर घडलंय, आणि तुम्हाला ते ठाऊक असायचं कारण नाही.

समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला मागच्या शेडमधलं ते यंत्र दिसत होतं. लोखंडी चौकट, मधून खाली येणारा जाड स्क्रू, वर आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन लोखंडी गोळे. पॉलिटेक्निकमध्ये तुमच्याबरोबर शिकवणारे आले, शेजारचे आले, अलनावरहून तुमच्या आत्या आल्या. विचारायचं सगळ्यांना होतं, पण अशा घरी कसं विचारायचं म्हणून सगळे चहाच्या कपात बघत बसायचे. शेवटी आत्यांनीच विचारलं, की आमचा पोर खोटी नाणी पाडत होता की काय.

अक्कानं डोळे पुसले आणि म्हणाली, "खोटी नव्हे हो आत्या. खोटं नाणं खऱ्याची नक्कल करतं. ह्यांच्या नाण्यांना खरं असं कुठं नव्हतंच."

आत्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मग पोलीस येत नाहीत म्हण की."

तुम्ही गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, भावजी. अक्का हसली. मी मात्र तिचं ते वाक्य मनात घोळवत बसले. इतकी वर्षं तुमच्याशी भांडून मला तुमच्या उद्योगाची व्याख्या करता आली नव्हती, आणि जन्मभर पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या माझ्या बहिणीनं ती दोन वाक्यांत केली होती.

तेरावं उरकलं आणि बेळगावचा एक नाणीवाला आला. जुन्या नाण्यांची खरेदी-विक्री करणारा, चाळिशीचा, मऊ बोलणारा. येताना फळं घेऊन आला. साहेबांची कला जपली पाहिजे, म्हणाला. यंत्र नको होतं त्याला, नुसते ठसे हवे होते. अक्कानं ते आणून दाखवले, तुम्ही तेलाच्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेले, तीन जोड्या: म्हैस, पेरू आणि छत्री. त्यानं म्हशीचा ठसा उजेडाकडे वळवला, खिशातून तुमचाच एक रुपया काढून शेजारी धरला, आणि विचारलं, "अक्का, ठोका जरा जोरात दिला तर हा कान जाईल की?"

मला तो कारागिरीचा प्रश्न वाटला. अक्का म्हणाली, ते ह्यांनाच विचारायला हवं होतं. पुढच्या आठवड्यात कळवते, असं सांगून तिनं त्याला वाटेला लावलं.

तो गेल्यावर तिनं तिन्ही जोड्या माझ्या पुढ्यात सरकवल्या. "हे तू ठरव," म्हणाली. "माझ्याच्यानं होत नाही. उद्या ह्यांना कुणी लबाड म्हटलेलं मला चालायचं नाही. आणि ह्यांच्या हातचं काम भंगारात टाकायचं म्हटलं तर तेही जमायचं नाही. तू आयुष्यभर इतिहास शिकवलास. तूच सांग."

म्हणून तर मी घरी येऊन रुपया भिंगाखाली धरला होता. ठरवायचं तर आधी बघायला तरी हवं.

तुम्ही निवृत्त झालात आणि गोकुळ रोडवरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून ते प्रेस टेम्पोत घालून घरी आणलंत, तो दिवस मला आठवतो. अक्का दारात उभी होती. लोक रिटायर झाल्यावर भजनाला जातात, म्हणाली. तुम्ही म्हणालात, हे पण भजनच, फक्त टाळ जरा जड आहेत. मग कितीतरी महिने तुम्ही बोटभर लांबीच्या पोलादी तुकड्यांवर छिन्नीनं उलटी अक्षरं कोरत बसायचा. एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मी रविवारी आले की ठसा माझ्या हातात द्यायचा, अक्काच्या पावडरच्या डबीतला आरसा द्यायचा आणि म्हणायचा, वाचा मास्तरीणबाई. आरशात मी वाचलं: श्री उणकल संस्थान.

उणकलला तलाव आहे, देऊळ आहे. संस्थान कधीच नव्हतं. हे मी तुम्हाला, इतिहासाची शिक्षिका म्हणून, गंभीरपणे सांगितलं. तुम्हीही तितक्याच गंभीरपणे म्हणालात, "म्हणूनच त्याला नाणं नाही. बिचाऱ्याला कुणीतरी पाडून द्यायला नको?"

राजाच्या जागी म्हैस आली, कारण उणकलला दुसरं कोण राज्य करत होतं, असं तुमचं म्हणणं. तिचं चित्र काढायला तुम्ही रोज सकाळी गवळ्याच्या गोठ्यात जाऊन बसायचा. गवळ्यानं कन्नडमध्ये विचारलं, म्हैस घ्यायची आहे काय. नाही, नुसतं तोंड पाहिजे, तुम्ही म्हणालात. तोंड सुटं विकत नाही री, तो म्हणाला. ही गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत, की त्या गवळ्याचा आवाज मला ओळखीचा झालाय. जॉर्ज बादशहाच्या पहिल्या रुपयावर त्याच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला आणि ते नाणं घ्यायला नको म्हणू लागले, हेही तुम्हीच मला सांगितलंत. पाठ्यपुस्तकात ते नव्हतं. माझ्या म्हशीला कुणी दुसरं काही म्हणणार नाही, असं तुम्ही पुढे जोडायचा.

मग तो पहिला ठोका. तुम्ही नवी चांदी कधी वापरली नाहीत. सराफाकडे मोडीत आलेले जुने रुपये आणायचा, राणीचे, टकल्या राजाचे, झिजून इतके गुळगुळीत झालेले की संग्रह करणारा त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. एक रुपया चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवलात, गार केलात, म्हणजे चांदी मऊ पडते म्हणालात. खालच्या ठशावर ठेवलात, दांडा फिरवलात, आणि सगळी शेड हलेल असा आवाज झाला. तुम्ही नाणं उचलून माझ्या तळहातावर ठेवलंत. राजा गेला होता. म्हैस आली होती. नाणं मात्र तेच होतं.

मला त्या क्षणी आनंद झाला, आणि लगेच रागही आला. त्या रागाचंच पुढे आपलं भांडण झालं आणि ते संपलं नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं, की झिजलेलं नाणंही कागदपत्रच आहे. ज्या हातांनी ते झिजवलं त्यांची दुसरी नोंद कुठं नाही. भाजीवाली, हमाल, कुणाच्या तरी लुगड्याच्या गाठीतला तो रुपया. त्यांनी राजाचं नाक बोटांनी पुसून टाकलं, हाच त्यांचा इतिहास, आणि तुम्ही त्याच्यावर म्हैस बसवता. तुम्ही ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, सराफाच्या मुशीत गेला असता तर राजाही गेला असता आणि ते हातही. माझ्याकडे निदान खाली राहतो. मी म्हणायची, खाली राहणं म्हणजे काही राहणं नव्हे. तुम्ही म्हणायचा, मग तुमच्या पुस्तकात वेगळं काय असतं, चालुक्यांवर यादव, यादवांवर बहमनी, तुम्ही मुलींना वरचंच शिकवता की. अक्का आतून ओरडायची, साकु आता, जेवायला या. साकु म्हटल्यावर पुरे करायचं, हे आपल्या दोघांनाही कळायचं. आपण भांडण तिथंच ठेवून पानावर बसायचो, आणि पुढच्या रविवारी ते जिथं ठेवलं तिथंच सापडायचं.

एका गोष्टीत मात्र तुम्ही माझ्याहून कडक होता. नाण्यावर वर्ष घालायचं नाही. नाव खोटं चालेल, म्हणायचा, त्याला गोष्ट म्हणतात. तारीख खोटी घातली की तो खोटेपणा. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. आपण दोघे त्यात एका बाजूला आहोत असं वाटलं होतं. त्याच कोऱ्या जागेनं पुढे घोळ केला.

दिवाळीत अक्कानं म्हशीचा रुपया लक्ष्मीपूजनाच्या पाटावर, आईच्या जुन्या रुपयांच्या रांगेत ठेवला. मी हरकत घेतली. ती हळदकुंकू वाहता वाहता म्हणाली, इतकी वर्षं त्या परक्या राजाला वाहिलं, आता म्हशीला वाहिलं तर काय बिघडलं, दूध तर तीच देते. तुम्ही माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात.

आता त्या घोळाबद्दल.

हुबळीला नाण्यांचं प्रदर्शन होतं, तिथं मी सहज गेले होते. गदगकडचा एक तरुण इंजिनियर आपला संग्रह घेऊन बसला होता. मखमलीवर, बाकीच्यांपासून वेगळी, तुमची म्हैस होती. मी शाळेत इतिहास शिकवते हे कळल्यावर तो खुलला आणि मला उणकल संस्थानाचा इतिहास सांगू लागला. कुणी नायक घराणं, गोधनावर मोठं झालेलं. दुष्काळात त्यांनी इंग्रजांचा सारा भरायला नकार दिला. पुरावा काय, तर हेच नाणं: काठाला इंग्रजी रुपयाची अक्षरं पुसट दिसतात, म्हणजे इंग्रजांच्या नाण्यावर त्यांनी मुद्दाम आपला छाप मारला. बंडखोर संस्थान होतं, म्हणूनच त्याचं नाव पुसलं गेलं. वर्ष का नाही? कारण इंग्रजांचा सन त्यांना मान्य नव्हता.

हसू नका, भावजी. मी क्षणभर विश्वास ठेवला. मी स्वतः त्या ठशाची अक्षरं आरशात वाचली होती, तरीही ठेवला. दुसरीकडे कुठं कुणी ठेवला नसता. आपल्याकडे जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावनूर; बस जरा लांब गेली की एक संस्थान लागतं. अशा मुलखात आणखी एक निघालं तर कुणाला नवल वाटणार? तुमच्या थट्टेला आपला भूगोलच सामील झाला होता.

संध्याकाळी येऊन मी सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही खुर्चीत मागं रेलून हसलात. "माझी म्हैस बंडखोर निघाली," म्हणालात. मग त्याला ते कुणी विकलं, असं विचारलंत. त्यानं चांगली किंमत मोजली होती, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही ती नाणी विकली कधीच नव्हती, लग्नामुंजीत, बारशात भेट म्हणून दिली होती. कुणीतरी म्हातारा वारला असेल आणि त्याच्या मुलांनी कपाट रिकामं केलं असेल. नाणं पुढे गेलं आणि त्याची गोष्ट मागे राहिली. त्या मुलाचा पत्ता तुम्ही माझ्याकडून घेतलात. पुढे काय झालं, ते तुम्ही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी तुम्ही मला हा तीन कानांचा रुपया दिलात. ठसा फिका उठला होता. मी विचारलं, हात दुखतो का. वय झालं, तुम्ही म्हणालात. आणि कपाळावर हे काय आहे, विचारल्यावर, "शोधा म्हणजे सापडेल, मास्तरीणबाई." तुमचा हात कमी पडायला लागलाय आणि तुम्ही ते कोड्यात झाकताय, असं मी धरून चालले.

परवा नवनगरला पोचल्यावर मी अक्काला सांगितलं, तो कान राजाचा आहे. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता कळलं होय तुला?"

मग तिनं उरलेलं सांगितलं. तुम्ही त्या गदगच्या मुलाला भेटायला गेला होता, एकटे. सगळं खरं सांगितलंत. त्यानं ते मानलं नाही. तुम्हालाच खोटं ठरवलं, म्हणाला, हे नाणं तुम्ही पाडलं म्हणता, पण संस्थानाचं श्रेय तुम्हाला कसं घेऊ देईन. तुम्ही परत आलात आणि कितीतरी दिवस प्रेसला हात लावला नाहीत. एकदा जेवताना अक्काला म्हणालात, मी समोर बसून सांगतोय तरी नाण्याचंच ऐकतात. मी नसेन तेव्हा कुणाचं ऐकतील? थट्टा आहे हे नाण्यानंच सांगायला हवं. बारीक अक्षरांत लिहिलं तर कुणी घासून काढेल. मग एक दिवस तुम्ही तिला शेडमध्ये हाक मारलीत आणि दाखवलंत. तीन कानांची म्हैस कुठल्या संस्थानानं पाडली असती?

ते सोपं नव्हतं, असं अक्का म्हणाली. प्रत्येक झिजका रुपया तुम्ही डोळे मिटून अंगठ्यानं चाचपायचा, राजाचा कान कुठं उरलाय ते शोधायला. तो सापडला की नाणं फिरवून असं ठेवायचा, की कान बरोबर शिंगाच्या मुळाशी यावा. पेरूला देठाजवळ एक कान. छत्रीला मुठीपाशी एक. आणि ठोका हलका, अगदी मोजून, म्हणजे वरचं उठेल आणि खालचा कान दबणार नाही. ज्याला मी हात गळणं समजले होते ते तुमचं सगळ्यात अवघड काम होतं.

तेव्हा मला त्या नाणीवाल्याचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. ठोका जोरात दिला तर हा कान जाईल की. कान गेला की थट्टाही गेली, आणि म्हैस जुन्या संस्थानाची म्हणून विकता येते. अक्कानं माझ्याकडे पाहिलं. "मला तेव्हाच कळलं होतं," म्हणाली.

भावजी, मला एक समजत नाही, आणि आता समजायचंही नाही. हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? मी म्हटलं असतं, बघा, खालचं दिसू द्यावं लागलं ना शेवटी, माझंच खरं. ते तुम्हाला ऐकायचं नव्हतं का? की एखादी गोष्ट नाण्यावरून एकटीनं ओळखता येते का, हे तुम्हाला माझ्यावर तपासून बघायचं होतं? तसं असेल तर मला लागला तेवढा वेळ तुम्ही धरला नव्हता. निकाल ऐकायला तुम्ही थांबला नाहीत. तुमच्याविषयी मला आज जितकं कुतूहल वाटतं तितकं तुम्ही समोर असताना वाटलं नाही. समोरच्या माणसाला आपण पुढच्या रविवारी विचारू म्हणतो.

मटार सोलून झाले आणि अक्कानं विचारलं, काय ठरवलंस. मी ठरवून आले होते. ठसे कापून टाकायचे, मधोमध, दोन तुकडे. काम संपलं की टांकसाळीतही ठसे बाद करतात, म्हणजे मागाहून कुणी त्यावर काही पाडू शकत नाही. तुमच्या नावाला मग धोका नाही. मी हे स्वच्छ शब्दांत सांगितलं आणि सांगता सांगता माझा मलाच आवाज परका वाटायला लागला. दुसऱ्यानं केलेलं, नाहीसं करायचं. ज्याच्यासाठी मी तुमच्याशी इतकी भांडले तेच मी सुचवत होते, आणि माझ्या सूचनेत तर खालीसुद्धा काही उरणार नव्हतं.

अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं. "मी पोस्टात रोज तिकिटांवर शिक्के मारले," ती म्हणाली. "शिक्का मारला म्हणून तिकीट फाडत नाहीत ग. तिकीट दिसतं. वापरलंय, एवढं फक्त कळतं."

मला अजून लक्षात येत नव्हतं. तेव्हा तिनं एक म्हशीचा ठसा उचलला आणि नखानं त्यावर आडवी रेघ ओढून दाखवली. ठशात जे खोल जातं ते नाण्यावर उठून येतं. एक बारीक रेघ, दोन्ही अंगांना. ठसे राहतील, चालतीलही. पण यापुढे त्यातून जे निघेल त्या प्रत्येकावर ती रेघ असेल, आणि ज्यावर रेघ नाही ते तुमच्या हातचं. मग ठोका कुणी कितीही जोरात देवो. जोरानं तर रेघ जास्तच उठेल.

आम्ही रिक्षा करून कमरीपेठेत गेलो, तुम्ही छिन्न्यांना धार लावून घ्यायचा त्या वर्कशॉपमध्ये. मालकानं आम्हाला स्टुलं दिली, तुमच्याबद्दल दोन शब्द बोलला आणि कन्नडमध्ये समजुतीनं म्हणाला, काठाला घालतो री अक्का, म्हणजे तोंड खराब व्हायचं नाही. अक्का म्हणाली, "काठाला नको. तोंडावरनंच जाऊ दे." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग चष्मा लावला. ठिणग्या उडाल्या तेव्हा मी मान वळवली. अक्कानं वळवली नाही.

परत आल्यावर तिनं नाणीवाल्याला फोन केला आणि ठसे हवे असतील तर घेऊन जा म्हणाली, फक्त आता त्यांच्यावर रेघ आहे. रेघ आहे म्हटल्यावर त्याला तुमच्या कलेची फारशी काळजी उरली नाही. बघतो, म्हणाला. अक्कानं फोन ठेवला आणि म्हणाली, बिडु, जाऊ दे.

मग ती उठून शेडमध्ये गेली, आणि मी तिच्यामागे. तुमच्या बाकावर एक रुपया होता, तापवून गार केलेला, पांढुरका पडलेला. तुम्ही तो मऊ करून ठेवला होता आणि मग दवाखान्यात गेला होता. मी डोळे मिटून त्याच्यावरून अंगठा फिरवला. मला काही सापडलं नाही, सगळं सारखंच गुळगुळीत लागलं. जसा हाताला आला तसा मी तो खालच्या ठशावर ठेवला. अक्कानं पदर खोचला आणि दांड्याला हात घातला. इतक्या वर्षांत तिनं त्या यंत्राला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. तुम्ही उभे राहायचा तिथंच ती उभी राहिली, पाय तसेच फाकवून. बघून बघून शिकली असणार.

ठोका तुमच्यासारखा बसला नाही. दोन म्हाताऱ्यांचा तो ठोका. नाणं काढलं तर म्हैस धुक्यातून आल्यासारखी पुसट, आणि तिच्यामागे राजा जवळजवळ अख्खा, उलटा पडलेला, दाढी वर. आणि दोघांवरून आरपार, सगळ्यात ठळक, ती रेघ. अक्कानं तिच्यावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिला जे हवं होतं ते झालं होतं. तुमचं काम जिथं संपतं ती जागा आता बोटाला लागत होती.

मग तिच्यातली घरची बाई जागी झाली. "म्हैस नीट उठली नाही ग," म्हणाली. "आणखी एक ठोका देऊ काय?"

वाद मी सोडलेला नाही, भावजी. खाली राहणं म्हणजे राहणं नव्हे, हे माझं म्हणणं आजही तसंच आहे, आणि त्या नाण्यावर राजाचं तोंड मला पहिल्यांदा इतकं स्पष्ट दिसत होतं.

"ह्याच्यावर नको," मी म्हटलं. "हा असाच राहू दे. दुसरा घे."

"दुसरे तापवलेले नाहीत."

"मग तापवू या की," मी म्हटलं, आणि तुमचा चिमटा शोधायला लागले.